शनिवारची भांडणं

बाई, मैदानाच्या फाटकाला काल कुलूप लागलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण मोहल्ल्यात आज माझ्याशी बोलायला कोणी तयार नाही.

मी सहावीत होते तेव्हा त्या मैदानावर आपली मराठी शाळा आणि पलीकडची हिंदी, आणि दोन्ही शाळांना नळ एकच. नळावर रोज मारामारी. एकदा हिंदी शाळेतल्या एका पोरीनं माझी वेणी धरून माझं तोंड तोटीवर आपटलं. मी तिच्या मनगटाला दात लावले ते रक्त येईपर्यंत सोडले नाहीत. तुम्ही आलात, आधी मला थोबाडीत दिली, मग तिला, तेवढ्याच जोराची, कारण तुमच्याकडे आपपरभाव नव्हता. म्हणालात, "काहून वं, लय आग लागली का? शनिवारले पाहू." शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन्हीकडची पोरं गोल करून बसायची, मधे भांडणारे दोघं रिकाम्या हातानं, आणि तुम्ही खुर्ची टाकून. आजूबाजूच्या बायासुद्धा कणकेच्या हातानं येऊन उभ्या राहायच्या. बहुतेकांचा राग तोवर निवलेला असायचा. ज्यांचा नसायचा ते लढायचे, तुम्ही "बस" म्हणेपर्यंत, आणि मग हरलेल्यानं नळावर आधी पाणी प्यायचं. मी हरले. तोंडात माती घेऊन पाणी प्यायले आणि तुमचा मनापासून राग केला. तो राग पुरता कधी गेलाच नाही.

आता तिथे शैक्षणिक संकुल आहे आणि त्याची प्रमुख मी. नकाशे घेऊन आलेल्या साहेबांचं म्हणणं होतं की शाळा मोहल्ल्यापासून तोडायचीच नाही. एक सरकारी शाळा, एक इंग्रजी, दोघींत मिळून मैदान आणि वाचनालय, मधे भिंत नाही, आणि संध्याकाळी फाटक सगळ्यांना उघडं. मला ते पटलं, अजूनही पटतं. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्ल्यांत चेंडू टाकायला जागा नाही. कळमन्याच्या बाजारात हमाली करून आलेली माणसं तिथल्या बाकांवर पाय पसरायची, म्हाताऱ्या फेऱ्या मारायच्या. पण मैदान एक आणि खेळणारे दोन. इंग्रजी शाळेची पोरं आणि वस्तीतली पोरं यांच्यात आधी शिव्या झाल्या, मग बेल्ट निघाले. मागच्या महिन्यात एकाचा कान फाटला, सोडवायला गेलेल्या चौकीदाराचा जबडा मोडला. इंग्रजी शाळेच्या पालकांनी मला बजावलं, पुन्हा एकदा असं झालं तर बाहेरच्यांना फाटक कायमचं बंद. ते कळल्यावर वस्तीतली एक बाई घरी आली. तिची पोरगी आमच्या वाचनालयात बारावीचा अभ्यास करायची, कारण घरी एकच खोली आणि त्यात बापाची दारू. "फाटक लागलं त माही पोरगी कुठं बसन, मॅडम?" ती म्हणाली. "बाई असत्या त ही पाळीच नसती आली."

बाई असत्या त. नोकरीला लागल्यापासून हेच ऐकते आहे.

म्हणून मी शनिवार ठरवला. दोन्हीकडचे म्होरके बोलावले आणि तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात म्हटलं. पण तुमच्या वेळी राग घरी नेऊन एकट्यानं सांभाळावा लागायचा. या पोरांनी तो आठवडाभर मोबाईलवर तापवत ठेवला. शनिवारी मैदानावर अर्धं दक्षिण नागपूर लोटलं होतं. पहिल्याच पकडीत इंग्रजी शाळेचा पोरगा पाठीवर पडला, कोणीतरी व्हिडिओ काढत हसलं, आणि गोल उठला. बेल्ट, स्टंप, खुर्च्या, हाताला येईल ते. मी "बस" म्हणून ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. एकानं नव्या फुटपाथचा गट्टू उपटून फेकला. तो लागला त्याच पोरीला, जी गलका ऐकून वाचनालयाच्या दारात आली होती. कपाळ फुटलं. मी फेकणाऱ्याची कॉलर धरली आणि चपलेनं त्याला मारत सुटले, तोंडावर, मानेवर, तो खाली पडला तरी. तिघांनी मला ओढून बाजूला केलं.

पोरगी वाचली, डोळाही वाचला, टाके मात्र बरेच पडले. संध्याकाळी पालक कुलूप घेऊन आले. ते मीच लावलं. तिची आई रस्त्यापलीकडे उभी राहून पाहत होती. आता ती पोरगी कुठे बसून वाचेल ते मला माहीत नाही.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. दवाखान्यात नेताना ऑटोत मी त्या पोरीच्या कपाळावर ओढणी दाबून बसले होते, तिचं रक्त माझ्या मांडीवर सांडत होतं, आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार तिचा नव्हता. मला वाटलं, चला, बाईंचा शनिवारही फसला, आता कोणी म्हणणार नाही की बाई असत्या त. आणि बाई, मला बरं वाटलं.