फसल्याचा दाखला

३ जून, सकाळ
मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, पुन्हा गोंदाच्या डब्यांचा घोळ. कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, आणि गोंद कमी भरला की सगळ्यांना पहिला आठवतो तो स्टोअरकीपर, म्हणजे मी. पण आज वेगळंच निघालं. मालकांनी कामगारांसाठी मदतफंड काढलाय. भविष्य सांगणाऱ्यांनी, आत्म्यांशी बोलणाऱ्यांनी ज्यांना लुबाडलं, त्यांना पैसे मिळणार. निम्मं पॅकिंग खातं 'पलीकडच्या मॅडम' नावाच्या बाईंनी धुऊन काढलंय. या बाई मेलेल्या माणसांचे निरोप फोनवर सांगतात. फोनचे पैसे वेगळे, निरोपाचे वेगळे.
फंडाचा सेक्रेटरी मी. चेकवर सही माझी एकट्याची. मीच का, असं साहेबांना नम्रपणे विचारलं. म्हणाले, बाकी सगळ्यांना कामं आहेत. साहेब विनोदी आहेत.

३ जून, संध्याकाळ
बायकोला बातमी दिली. वाटलं होतं, अभिनंदन करील. म्हणाली, चला, ताईंचं काम झालं.
ताई माझी थोरली बहीण. पॅकिंगमध्ये दिवसभर उभ्याने खोकी बांधते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेला पैसा तिने मॅडमच्या घशात घातला. कशासाठी, तर भावोजी पलीकडून काय म्हणतात ते ऐकायला. जिवंत होते तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागायची. मेल्यावर बरी वाचा फुटली. मी तिला तेव्हाच सावध केलं होतं. म्हणजे बोललो नंतर, पण मनात तेव्हाच होतं.
ऑपरेशन २८ तारखेला आहे. २१ पर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर नंबर पुढच्याला, आणि ताईला पुन्हा वर्षभर वाट बघणं. भरपूर वेळ आहे.

५ जून
फॉर्म तयार केला. स्वतः बसून. असा फॉर्म या कारखान्यात आजवर झाला नसेल. खोट्या अर्जदारांना चाप बसावा म्हणून अट घातली: पैसे दिल्याची पावती जोडावी. पावती नसेल तर फसवणाऱ्याचा सही-शिक्क्याचा दाखला आणावा, की मी या व्यक्तीला फसवलं आहे.
बायकोने वाचला. म्हणाली, चोर कधी चोरीचा दाखला देतो का? हिला ऑफिसच्या कामातलं काही कळत नाही. सोडून दिलं.

८ जून
अर्ज एकही नाही. लोकांना मदत नकोच असते, रडायला हवं असतं.
जेवणाच्या सुट्टीत ताई स्टोअरमध्ये आली. गोंदाच्या डब्यावर बसली, पाय सरळ केला. म्हणाली, मी तर फोनवरून पैसे पाठवले, पावती कुठली आणू? म्हटलं, मग दाखला आण. म्हणाली, त्या बाईच्या दारात आता मी जाणार नाही. म्हटलं, ताई, तू बहीण आहेस म्हणूनच मला जास्त कडक राहायला हवं, उद्या लोक म्हणतील वशिला लावला. ती बरं म्हणाली आणि डब्याला धरून उठली.
स्वतःचा अभिमान वाटला. तिलाही वाटला असणार. बोलली नाही इतकंच.

११ जून
पहिला अर्ज. फोर्कलिफ्टवाला. रंगीत पावती, गोल शिक्का, मॅडमची झोकदार सही. माणूस असावा तर असा. तिथल्या तिथे चेक दिला. त्याने हात जोडले आणि गालातल्या गालात हसत गेला. सुटकेचं हसू असणार.
घरी सांगितलं तर बायको म्हणते, तो माणूस स्वतःच्या आईवरसुद्धा विश्वास ठेवत नाही, तो कधी फसला? म्हटलं, कागद बोलतो. तिने फक्त मान हलवली. पटलं असावं.

१३ जून
अर्जांचा पाऊस. ताई सोडून पॅकिंगच्या फसलेल्या झाडून सगळ्या बायका दाखले घेऊन हजर. 'सदर महिला माझ्याकडूनच फसलेली असून तिची वर्तणूक चांगली आहे.' भाषा नेटकी आहे बाईची. सगळे अर्ज छाननीला ठेवले. घाईने दिलेली मदत म्हणजे उधळपट्टी.
दुपारी कँटीनमध्ये कानावर आलं की मॅडम दाखल्याचे पैसे घेतात. अर्जंट असेल तर दुप्पट. म्हणजे ज्या फसल्या, त्या फसल्याचा कागद आणायला जाऊन पुन्हा फसल्या. मूर्खपणालाही काही मर्यादा असते. अट कोणी घातली हा प्रश्न इथे गैरलागू आहे.
बायकोला सांगितलं. ती दूध उतू जाईपर्यंत हसत होती.
आणखी एक. पॅकिंगच्या बायका ताईसाठी वर्गणी काढत होत्या. डिपॉझिटपुरते जमतही आले होते. मी ताबडतोब थांबवलं. भाऊ फंडाचा सेक्रेटरी आणि बहिणीसाठी झोळी फिरवायची? ताईला म्हटलं, परत कर सगळे, मी आहे ना. तिने केले. तिचा माझ्यावर पहिल्यापासून विश्वास आहे.

१५ जून
ठरवलं, मॅडमला जाऊन खडसवायचं. झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली. वाटलं होतं धूर, अंधार, कवट्या. तर साधं टेबल, पंखा, दोन खुर्च्या, चष्मा लावलेली बाई. शाळेतल्या मास्तरणीसारखी. मी तोंड उघडायच्या आत चहा सांगितला.
मग माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, तुमच्या कामाची तुमच्या ऑफिसात कोणाला किंमत नाही. घरीसुद्धा तुमचं म्हणणं हसण्यावारी नेतात. मोठ्या पदासाठी जन्मलेला माणूस तुम्ही, लहान खोलीत अडकलाय.
माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण बाईला माणसाची पारख आहे, हे मान्य करावंच लागेल. खडसवायचं राहिलं. पुढच्या वेळी.

१७ जून
पुन्हा गेलो. खडसवायलाच. पण बाई आपण होऊन रडली. म्हणाली, तुमच्यासारखा सज्जन माणूस पाहिला आणि स्वतःची लाज वाटली. तिला पैसे परत करायचे आहेत. सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने. योजना अशी: फंडाचा चेक तिच्या नावाने द्यायचा, ती स्वतःजवळचे तेवढेच पैसे त्यात घालणार आणि २० तारखेला कारखान्यात एकेकीला पाकीट देणार. म्हणजे प्रत्येकीला दुप्पट. लुबाडणाऱ्यानेच परतफेड केल्याचं कुठे ऐकलंय का कोणी? हे माझ्यामुळे घडतंय. फोटो निघेल. साहेबांच्या केबिनमध्ये लागेलसुद्धा.
पहिलं पाकीट ताईला. दाखल्याशिवाय. एवढी सूट सेक्रेटरीच्या अधिकारात बसते.

१८ जून
चेक दिला. फंडात उरलेल्या पूर्ण रकमेचा. हिशेबनीस नाक खुपसायला आलाच, पावती घेतली का म्हणून. म्हटलं, काही ठिकाणी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. मॅनेजरसाहेबांना आत्ताच काही सांगितलं नाही. सरप्राइज.
ताईला सांगून आलो, परवा पैसे, तेरवा डिपॉझिट. तिने विचारलं, नक्की ना रे? जरा वाईट वाटलं. सख्ख्या भावाला असं विचारतात का?

१९ जून
भाषण लिहिलं. चार पानं. बायको म्हणाली, एक पान कर, बायकांना उभं राहायला लावशील. खुर्च्या मागवल्या.

२० जून, दुपारी ३
सगळं तयार. मशीन बंद ठेवून पॅकिंगच्या बायका बसल्यात. पहिल्या खुर्चीवर ताई, तिच्या पायाखाली दुसरी खुर्ची. साहेबही आलेत, कसलं सरप्राइज म्हणून तीनदा विचारून झालं. मॅडम वाटेत असतील.

२० जून, दुपारी ४
मोठी माणसं उशिराच येतात. तोवर भाषण केलं. चारही पानं.

२० जून, संध्याकाळी ६
फोन बंद. फोर्कलिफ्टवाल्याला झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं. तो येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, खोली कालच रिकामी झाली, पंखासुद्धा काढून नेला. साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, चेक केवढ्याचा होता? उत्तर देताना भाषणाची पानं हातात होती, ती कुठे ठेवावी कळेना.
बायका उठून गेल्या. ताईला दोघींनी धरून नेलं.

२१ जून
सकाळपासून पैशांसाठी फिरलो. बायकोच्या भावाने फोन घेतला नाही. पतपेढीवाला म्हणाला, दोन जामीन आणा. पॅकिंगच्या बायकांकडे वर्गणीचं पुन्हा विचारायला गेलो. त्यातली एक म्हणाली, ते दाखल्यांसाठी काढलेली उसनवारी फेडण्यात गेले. बायकोने कानातले काढून दिले. सोनाराकडून पैसे घेऊन हॉस्पिटलमध्ये पोचलो तर खिडकी बंद झालेली. शिपाई म्हणाला, उद्या या. उद्याचा उपयोग नव्हता. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, मग येऊ नका.

२४ जून
सेक्रेटरीपद गेलं. पोलिसांत तक्रार दिली. फंडाची रक्कम दरमहा पगारातून कापणार, नोकरी ठेवली हेच नशीब समजा, असं साहेब म्हणाले. मी तांत्रिक मुद्दा काढला, की व्याख्येनुसार मीसुद्धा फसवणुकीचा बळी आहे, तेव्हा मलाही मदत मिळायला हवी. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, कोणत्या फंडातून?

२८ जून
आज ऑपरेशन असतं. ताई कामावर होती. टेबलाला टेकून, एका पायावर भार देऊन खोकी बांधत होती.
कामावरून सुटल्यावर तिच्या खोलीवर गेलो. माफी मागायची, असं पक्कं ठरवून. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. आधी पार्श्वभूमी म्हणून मॅडम किती बेरकी होती ते सांगितलं. मग मी आधी कसा खडसवायलाच गेलो होतो, ते. मग फोर्कलिफ्टवाल्याबद्दल. ताई गुडघा शेकत ऐकत होती.
शेवटी मी विचारलं, तू एवढी शहाणी, मग भावोजींच्या निरोपांना कशी भुललीस?
म्हणाली, भुलले कुठे? दुसऱ्याच फोनला कळलं होतं की हे ते नव्हेत. पण ती बाई रोज संध्याकाळी विचारायची, आज पाय कसा आहे, किती वेळ उभी होतीस, जेवलीस का. बाकी कोण विचारतं?
मग तिने मला विचारलं, जेवून जाणार का. मी हो म्हणालो. ती उठून, भिंतीला धरून आत गेली, मी बसून जेवलो, आणि राहिलेलं फोर्कलिफ्टवाल्याचं सांगून टाकलं.
घरी येऊन दार उघडताना लक्षात आलं. माफी मागायची राहिली. पाय कसा आहे, तेही विचारायचं राहिलं.