आवतण

श्री तुळजाभवानी प्रसन्न

तीर्थरूप दादांना दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर तुम्ही आपला थकलेला हरण्या बैल विकलात. मी रडलो, तर म्हणालात, "एवढी माया असंल तर जा की जनावरातच ऱ्हायला!" पन्नाशीला टेकलेला मी खरंच निघालो. आता नेपाळात वीटभट्टीतून सुटलेल्या म्हाताऱ्या गाढवांची सेवा करतो.

काल पोळ्याची आदली संध्याकाळ. एका गाढवाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं, आपण बैलांना म्हणतो तसं म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आज त्यानं माझ्या हातून पुरणपोळी खाल्ली.

दादा, तुमचं आवतण आलं असतं, तर मीही आपल्या गावी, बेंबळीला, जेवायला आलो असतो. पण आवतण मागून घेता येत नाही, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमचा धाकटा भाऊ,
दिगंबर