नव्या बोटीला टाक्या किती?

ती. अक्कास, धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे.) तुझे गुडघे आणि भावोजींचा स्वभाव, दोहोंत सुधारणा असेल अशी आशा आहे, निदान गुडघ्यांत तरी.

पत्रास कारण नवी बोट. सुतार शनिवारी फळ्या ठोकून डेक बंद करणार. त्याआधी डिझेलची टाकी एक की दोन ते सांगा म्हणतो. मागाहून बदलायचं तर डेक फोडावा लागेल. मी म्हणतो दोन. एकीत पाणी शिरलं तर दुसरीवर घरी येता येतं. दादा म्हणतो एकच. "टाक्या दोन म्हणजे कॉकही दुप्पट. तू घरचा नळ तरी कधी आठवणीने बंद केलास?"

शेवटी परीक्षा म्हणून शेजाऱ्याची दोन टाक्यांची बोट मागून आणली. (त्याने ती दिली, यावरून त्याला आपलं घराणं नीट ठाऊक नाही हे सिद्ध होतं.) आता भाऊ म्हटले की वाटणी आलीच: डावी टाकी दादाची, उजवी माझी, आणि दुसऱ्याच्या कॉकला हात लावायचा नाही. मी माझी उघडली. इंजिन लागतं त्याहून जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं दुसऱ्या नळीने टाकीत परत पाठवतं, हे तुला ठाऊक नसेल. आम्हाला ठाऊक होतं, हे जास्त वाईट. ती परतीची नळी दादाच्या टाकीत सोडलेली. मी पाहिलं, पण दादाची बाजू, आपण कशाला बोला? दादानेही पाहिलं, पण आपणहून येतंय त्याला नको कोण म्हणेल? भर समुद्रात माझी टाकी कोरडी ठणठणीत, त्याची उतू जाऊन डेकभर डिझेल, आणि त्यावरून घसरलेला दादा थेट मासळीच्या टोपलीत. इंजिन बंद. नळीत शिरलेली हवा काढायचा पाना घसरत समुद्रात गेला. ओढून न्यायला आलेल्या बोटवाल्याने विचारलं, "काय झालं?" नखशिखांत डिझेलात न्हालेला दादा म्हणाला, "डिझेल संपलं."

इतकं होऊनही माझं मत दोनच. दादाला तू समजाव. तो तुझंच ऐकतो. (म्हणजे ऐकत नाही, पण तुझ्यापुढे गप्प बसतो.)

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच सुतार सांगून गेला, दादाने सकाळीच दोन टाक्या सांगितल्यात. दादाला विचारलं तर म्हणाला, "एक बिघडली तर दुसरी असू दे. पुढच्या हंगामापासून तू एकटाच असणार. माझ्याने आता होत नाही."

ता. क. २. तेव्हा वरचं सगळं खोडलं असं समज. टाकी एकच बरी, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला तूच बोटीवर हवास, असं दादाला खडसावून लिही. शनिवारच्या आत. मी सुचवलं म्हणून मात्र सांगू नकोस, नाहीतर तो तिसरी बसवील.