खाऱ्या वाऱ्यावरचा डायनामो

उस्ताद,

या दोन हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, बाकीचं मागून. पवनचक्क्या केल्या, फार मोठ्या नाहीत, घरावरच्या पाण्याच्या टाकीपेक्षा थोड्या उंच. परदेशी मशिनरी ज्या देवदारच्या खोक्यांतून एमआयडीसीत येते, त्या फळ्या रंधून त्यांची पाती केली. तोळाभर जड निघालं तरी पातं पुन्हा रंध्याखाली. डायनामो केले. त्यांची तार गुंडाळायचं यंत्र सायकलच्या पेडलचं केलं. बॅटरीचा कंट्रोलर केला. तो जळाला, परत केला, परत जळाला, आता टिकलाय. मासळीच्या टाकाऊ भागावर चालणारा गॅसचा हौद केला, त्यावर रोजचा चहा होतो. आणि हे सगळं उभं कुठं केलं? समुद्राच्या काठी. जायकवाडीपेक्षा मोठं पाणी चाळिशीपर्यंत पाहिलं नव्हतं, त्या माणसानं. तुम्ही असता तर विचारलं असतं, "दर्या पे? तेरेकू तैरना आता क्या?" नाही येत. अजूनही नाही.

तुमचं दुकान मला जसंच्या तसं दिसतं. जालना रस्त्यालगतची पत्र्याची खोली, वार्निशचा वास, आणि मी वैजापूरकडून दहावी नापास होऊन आलेला. दुष्काळाचं साल आहे. बोअर आटलेत, मोटारी कोरड्या फिरून जळतायत आणि टेम्पोतून तुमच्या दारात येऊन पडतायत. असा धंदा त्या दुकानानं पुन्हा पाहिला नाही, पण तुम्ही खूश नव्हता. तीच मोटार त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा आली की तुम्ही तिची तार नव्यानं बांधून द्यायचा नाहीत. "मोटर का क्या कसूर बाबा? बोअर सूखा पड़ा है. बरसात के बाद लाव." समोरचा म्हणायचा, "बांधा की उस्ताद, पैसे देतोय नं मी." "पैसे तेरे, इज्जत मेरी," म्हणत तुम्ही चहा मागवायचा, त्याच्यासाठीसुद्धा.

आणि मी मीटर हातात घेतला रे घेतला की टपली. "पहले नाक, फिर मीटर." उघडलेल्या मोटारीवर वाकून वास घ्यायला लावायचा तुम्ही. जास्त ओझ्यानं जळालेली मोटार करपलेल्या गुळासारखी वास मारते, कोरडी फिरलेली तापल्या रबरासारखी. आणि ओल शिरलेलीला जळका वास जवळजवळ नसतोच. तिला जुन्या आडाच्या गंजक्या कडीचा वास येतो. मला तेव्हा हे सोंग वाटायचं. तुम्ही गेल्यावर मी पुस्तकं आणून, पंखे मोडून एकट्यानं शिकत गेलो, पण आधी वाकायची सवय काही सुटली नाही.

आपल्याकडे वारा येतो तो आषाढात, धूळ घेऊन. दौलताबादच्या किल्ल्याखाली ओळखीच्या शेतात मी पहिली चक्की उभी केली. तिनं दोन महिने बॅटरी भरली आणि उरलेलं वर्ष कावळ्यांना बसायला दिलं. मग एका कामासाठी कोकणात गेलो आणि थक्क झालो, उस्ताद. रोज दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो. पावसाळ्यात ऊन दिसत नाही, तर वारा पिसाटलेला. हिवाळ्यात वारा मंदावतो, तर ऊन लख्ख. एक थकला की दुसरा कामावर हजर. खाडीतलं पाणी भरती-ओहोटीला आत-बाहेर करतं, त्याला तर अजून कुणी कामाला लावलेलंच नाही. मी लावीन की नाही माहीत नाही. पण ते आटत नाही, एवढं आपल्या भागातल्या माणसाला भुलवायला पुरे.

तिथं एका गावात मासळी विकणाऱ्या बायकांचा गट आहे. न खपलेली मासळी ठेवायला त्यांच्याकडे फ्रीझर होता, पण वीज सारखी जायची आणि संध्याकाळी व्यापारी देईल त्या भावात माल द्यावा लागायचा. मी चक्की आणि सोलर जोडून दिलं. थंडीभर छान चाललं. वैशाखात फोन आला. मी पोचलो तर गटाची म्होरकी, माझ्या आईच्या वयाची बाई, कमरेवर हात ठेवून उभी. "तुझो पंखो बरो फिरता रे, पण बर्फ खंय हा?" म्हटलं, "मावशी, उद्यापर्यंत बघतो." "उद्यापर्यंत माशे वाट बघतले काय तुझी? आज जर व्यापाऱ्याक दिलंव, तर तो उद्यापासून आमका हसतलो." ती रागावली नव्हती, घाबरली होती. बाकीच्या बायकांना तिनंच तयार केलं होतं.

डायनामो उतरवला, उघडला आणि सवयीनं नाक लावलं. ती खो खो हसली. "मेल्या, हय सगळो माशांचोच वास. मशीनचो वास तुका कसो येतलो?" खरंच येत नव्हता. शेवटी ते धूड खांद्यावर घेऊन वर उघड्या सड्यावर, कातळाच्या माळावर गेलो, मोकळ्या वाऱ्यात, आणि पुन्हा वाकलो. गूळ नाही, रबर नाही. आडाची कडी. तळाशी वाटीभर पाणी, तारेवर हिरवट बुरशीसारखा गंज.

चूक आपल्या मुलखाची होती. आपल्याकडे मोटारीचा दुश्मन धूळ, म्हणून मी डायनामोचा खोका मुंगी शिरणार नाही असा बंद केला होता. दिवसा तापला की आतली हवा बाहेर, सांजेला निवला की खारी, ओली हवा आत. पाणी आत जमायचं आणि जायला वाट नाही. मी तळाला करंगळी जाईल एवढं भोक पाडलं, जाळी लावली, मावशीच्या ओटीवर बसून नवी तार बांधली, वार्निश दोनदा पाजलं आणि चुलीच्या मंद आचेवर सुकवलं. तोवर बायकांनी गावभर हिंडून बर्फ गोळा करून फ्रीझर गार ठेवला. दुसऱ्या दुपारी वारा सुटला. व्यापारी आला, भाव बोलला, आणि मावशी त्याला म्हणाली, "नाय परवडणा. फाल्यां ये." फाल्यां म्हणजे उद्या. तो शब्द ऐकताना माझी छाती अशी फुगली की विचारू नका. आता तो खोका ती दर महिन्याला स्वतः उघडते. बाकी किनाऱ्यावरून चक्क्यांना मागणी येते. वर्कशॉप वाढलंय, पाटीवर माझंच नाव आहे.

हे कागद टाकू कुठं? तुमच्या दुकानावरून उड्डाणपूल गेलाय. तेव्हा इथंच ठेवतो, आणि एक गोष्ट तेवढी सांगून टाकतो. मागं पुण्याची एक कंपनी घरी आली होती. भली माणसं, बोलायला गोड. चक्कीचं डिझाइन, साचे, सगळं विकत हवं होतं. अट एकच, खोका रिव्हेट मारून बंद करायचा. गावात कुणी उघडायचा नाही, दुरुस्ती कंपनीच करणार. मी चहा पाजला आणि नाही म्हणालो. बायकोनं आकडा विचारला, तर अकरा लाख सांगितले. ती म्हणाली, "अकरा लाखात आजकाल प्लॉटबी येत नाय, बरं केलं." मी मान डोलावली. सव्वीस म्हणाले होते, उस्ताद. सव्वीस लाख.