बांगड्यांनी न उघडणारं लॉक

अहो,

काल वसंतराव घरी आले होते. चहा घेतला, तुमच्या फोटोकडे एकदा बघितलं आणि मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "वहिनी, विचारू नये, पण विचारतो. तुमच्या घड्याळाच्या पट्ट्याचं ते लॉक टिकलं का?"

म्हणून लिहितेय. तुमचे भागीदार सोमवारी लॉकचा साचा, ती डाय, करायला टाकणार आहेत. एकदा डाय झाली की लॉक तसंच निघत राहणार, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि मला त्यांना "टिकलं" असं म्हणता आलं नाही.

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला एक ओळही लिहिली नव्हती. शाळा लवकर सुटली, नंतर रद्दीतली पुस्तकं वाचत मी वाचायला शिकले. लिहायची वेळ कधी आली नाही. कुणाला लिहिणार होते? तुम्ही तर समोरच होतात.

पहिलं लॉक आठवतं? हडपसरच्या शेडमधून आणलंत, घड्याळ माझ्या हातात चढवलंत आणि म्हणालात, "कणीक मळ." बांगडी बटणाला लागली आणि घड्याळ कणकेत! मी चिडले, तुम्ही खूश. "ड्रॉइंग काढणाऱ्याने बाईचा हात बघितलेलाच नाही," म्हणालात. "मनगटावर घड्याळ एकटंच असतं, असं वाटतं त्याला."

मग तुम्ही बटणं आत बुडवलीत. आता ते बांगड्यांनी उघडेना आणि मलाही उघडेना. "तुम्हाला घड्याळाचं लॉक करायचंय की बेडी?" असं मी विचारलं, तर जेवण होईपर्यंत बोलला नाहीत. इतकं काय लागलं होतं?

शेवटचं लॉक वेगळं होतं. दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबली तरच उघडायचं. एकच दाबलं तर ढिम्म. "बांगडी एका बाजूने येते," तुम्ही म्हणालात, "माणूस दोन बोटांनी येतो." पट्ट्याच्या कड्या काढून माझ्या मनगटाला बेताचं बसवलंत. "उद्या दिवसभर घाल आणि मला सांग."

कुणाला सांगायचं होतं? दुसऱ्या दिवशी दुपारीच शेडमधून फोन आला. छातीत कळ आली म्हणून मशीनशेजारी बसलात, ते उठलाच नाहीत. माझं उत्तर न ऐकता जायची एवढी कसली घाई होती तुम्हाला?

लोणी काळभोरहून अक्का आल्या. रीत होती ती त्यांनी केली. माझ्या बांगड्या फोडल्या. मी हात पुढे केला. नको म्हणता येतं, हे तेव्हा सुचलंही नाही. मग त्या घड्याळाला लागल्या. एक बटण दाबलं, मग दुसरं दाबलं, नखाने उचकटून बघितलं.

"ह्ये निघंना गं. कसलं कुलूप बसवलंय ह्यानं?"

"असू दे, अक्का."

"आगं, पर काढायचं कसं?"

मला माहीत होतं. तिथल्या सगळ्या बायकांत एकटीला मलाच. मी सांगितलं नाही. अक्का माझा हात तसाच धरून रडायला लागल्या. तुमच्यापेक्षा मोठ्या त्या. धाकट्या भावाने केलेल्या त्या कुलपावरून बोटं फिरवत किती वेळ बसून होत्या.

तेव्हापासून ते आपणहून एकदाही उघडलेलं नाही. पण वसंतरावांना ते काय सांगू? मोकळ्या मनगटावर कुठलंही लॉक टिकेल. ज्या हातासाठी तुम्ही एवढी खटपट केलीत, तो हातच मी देऊन बसले. कणीक मळताना आता काही वाजत नाही. कितीदा तरी ती तशीच टाकून मी उठलेय.

वसंतराव म्हणाले, "आमच्या हिला घालायला देतो. दिवसभराचा तर प्रश्न आहे." मी आत गेले, उगाच भांडी हलवली. बाहेर येऊन म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबा. मीच सांगते." त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि चपला घातल्या.

आज सकाळी कासाराकडे गेले. तो ओळखतो मला. आधी कपाळाकडे बघितलं त्याने.

"ओटीसाठी द्यायच्या का, वहिनी?"

"हातात घालायच्यात."

"कुणाच्या?"

"दुकानात दुसरा हात दिसतोय का तुम्हाला?"

मग त्याने मुकाट्याने हिरव्या काढल्या, आधीच्याच मापाच्या. भरताना दुखलं. हात कडक झालाय माझा. बाजूची बाई बघतच राहिली. तुम्ही असतात तर तिला काहीतरी खोचक ऐकवलं असतंत. मला नुसतं रडू आलं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा म्हणून अक्कांना मीच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लोकं बोलत्याल."

"बोलू देत."

"बरं. आन् त्ये कुलूप? उघडलं का?"

"अजून कणीक मळायचीये, अक्का."

उद्या सगळं करणार आहे. कणीक मळेन, चादरी पिळेन, मार्केट यार्डातून भाजीची पिशवी मनगटाला अडकवून बसने येईन. उघडलं, तर उघडलं असंच वसंतरावांना सांगेन आणि कुठल्या बाजूने उघडलं तेही नीट बघून ठेवेन. तुमचं म्हणून झुकतं माप देणार नाही, तुमचं शेवटचं म्हणून तर नाहीच. आणि नाही उघडलं, तर डाय पहिल्यांदा चालेल तेव्हा तुमच्या जागी, मशीनशेजारी येऊन उभी राहीन. हे असेच हात घेऊन.

तुमची,
सुमन