नखभर आखूड टर्नटेबल

कीथली, यॉर्कशायर
प्रदर्शनाआधीचा मंगळवार

प्रिय क्लिफ,

हे पत्र मुरियल तुला मोठ्यानं वाचून दाखवणार हे ठाऊक आहे, म्हणून शिव्या आधीच गाळल्या आहेत. तुझं इंजिन तिच्या हाती आपल्या मॉडेल-रेल्वेच्या क्लबात पोचलं, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, तुझ्याच मोज्यात गुंडाळलेलं. निरोपही पोचला: इंजिन कुणालाही द्या आणि माझं नाव कमी करा. इंजिन ठेवून घेतलंय. नाव कमी केलेलं नाही आणि करणारही नाही. त्याबद्दलच लिहायला बसलोय, पण तू मला ओळखतोस. मी थेट मुद्द्यावर आलो, तर आपली बेरिल, जी चहाच्या किटलीमागून सगळा क्लब चालवते, ती माझ्यासाठी डॉक्टर बोलावेल.

तू आजारी पडलास तेव्हा आपल्या छोट्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन अर्धवट होतं, आठवतं ना? गाडी घेऊन आलेलं इंजिन परत जाताना उलट्या तोंडानं जायचं आणि तू दर वेळी मान फिरवायचास, जणू कुणी चर्चमध्ये टोपी न काढता शिरलंय. म्हणून या हिवाळ्यात मी टर्नटेबल बांधायला घेतलं. (मुरियल, टर्नटेबल म्हणजे गोल खड्ड्यावरचा फिरता पूल. इंजिन त्यावर चढवायचं आणि तोंड वळवायचं. चाळीस वर्षं संसार केलास, एवढं माहीत हवं होतं.) खड्ड्याच्या भिंतीची एकेक वीट मी सुईनं कोरली. पूल पितळेचा केला. बेरिल म्हणाली, “मोटर बसव की रे, आजोबांच्या काळात किती दिवस राहणार?” मी म्हटलं, आपल्या गावच्या जुन्या शेडमध्ये माणसं खांदा लावून इंजिन फिरवायची, तेव्हा इथंही माणसाचाच हात लागेल. टेबलाच्या कडेला फिरवायचा दांडा बसवला आणि मापं सगळी त्या जुन्या टर्नटेबलवरून घेतली, तंतोतंत.

आणि इथंच घोडं अडलं. सगळे भोवती जमले, मी तुझं इंजिन ऐटीत पुलावर चढवलं, तर कोळशाच्या डब्याचं शेवटचं चाक बाहेर! नखभरच, पण बाहेर. आपली वळणं खऱ्यापेक्षा जास्त आवळलेली, म्हणून इंजिन आणि कोळशाचा डबा यांच्यात तू जास्तीची फट ठेवली होतीस, हे मी पार विसरलो होतो. शाबासकीही मीच दिली होती त्याबद्दल! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बेरिलला हसून हसून बसावं लागलं. “अर्नल्ड, जन्मभर दुसऱ्यांची मापं काढलीस, आज तुझंच निघालं बघ!” कुणीतरी म्हणालं, फट कमी करा, दोन स्क्रूंचं तर काम आहे. मी म्हटलं, क्लिफच्या इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर लावणाऱ्याचा हात मी पक्कडीत धरीन. मग मी माझाच खड्डा उखडला, सगळ्या विटांसकट. नवा केला तो खऱ्या मापापेक्षा मोठा आहे. होय, मीच केला. एका डब्याचा रंग जरा गडद झाला म्हणून तुला अख्खी गाडी पुन्हा रंगवायला लावणाऱ्या माणसानं.

त्या दिवशी तुझ्याकडे येऊन गेलो, ते अजून मनातून जात नाही. मी आत शिरताच तू निकामी झालेला उजवा हात डाव्यानं पांघरुणाखाली सरकवलास. मुरियलनं चहा ओतला, तू कपाला शिवला नाहीस. इतक्या वर्षांत आपण कधी हवामानावर बोललो नव्हतो, त्या दिवशी तासभर तेच बोललो. घरी जाताना मला रडू येत होतं आणि मी ते खोकला म्हणून खपवलं. तुझ्यावाचून क्लबात करमत नाही रे, क्लिफ. लिहिलं एकदाचं.

आता मुद्दा. खड्डा नव्यानं करायचाच होता, म्हणून दांडाही हलवला. आता तो डाव्या कोपऱ्यात आहे, पाण्याच्या टाकीखाली. उजव्या हातानं फिरवायला गेलं की खांदा आडवा येतो आणि रुळाला रूळ जुळला की नाही ते दिसतच नाही. डावाच हात लागतो. मुद्दाम केलंय, नाकारत नाही. पण झालंय असं की क्लबात कुणालाच ते जमेना. मी दर वेळी रूळ चुकवून पुढे जातो. बेरिलनं परवा एक इंजिन खड्ड्यात पाडलं आणि दोष किटलीच्या शिट्टीला दिला. शनिवारी प्रदर्शन आहे, पोरंसोरं कठड्याला नाकं लावून उभी राहणार आणि आमची शोभा होणार. डाव्या हातानं चमचा धरायची, बटणं लावायची सवय आमच्यात एकालाही नाही. तुला सहा महिन्यांची आहे. तेव्हा दया-बिया काही नाही, गरज आमची आहे. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. बूट घालून बस.

तुझाच, डाव्या हाताचा अडाणी,
अर्नल्ड