फशी कोण पडलं?

इस्लामपूर,
१६ जानेवारी

प्रिय अख्तर,

सलाम, आणि संक्रांतीचा तिळगूळ. लाडू सोबत आहेत. यंदा पाक जरा पुढे गेला, तेव्हा तहरीमला सांग, दात सांभाळून. वर गावाचं नाव जुनंच पडलंय. सरकारनं ते बदललं, पण माझ्या हाताला अजून कुणी कळवलेलं नाही.

सिकंदरभाऊंचा फोन आला होता. हे पत्र त्याचंच उत्तर, पण ते शेवटी लिहीन. फोन तुला करता आला असता. पण फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की मला पुढचं बोलता येत नाही.

इकडे कारखाना जोरात आहे. उसाच्या ट्रॉल्या दिवसभर गाणी लावून जातात, अंगण पाचटानं भरतं. चंद्राबाई काकूंना मुलानं कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी कपाटात ठेवलंय. म्हणतात, "लावलं की लय ऐकू येतंय बाई." रोज सकाळी फाटकाशी येऊन विचारतात, "अख्तर कवा येनार गं?" उत्तर त्यांना ऐकू जात नाही, म्हणून मी नुसती मान हलवते. कशीही हलवली तरी चालते.

आणि संपादकांनी मला कामाला लावलंय. सव्वीस जानेवारीच्या अंकात 'फॅसिझम म्हणजे काय' हे लिहायचं. सोप्या भाषेत, अर्ध्या पानात आणि कुणालाही न दुखावता. मी म्हटलं, शेवटची अट पाळली तर लेख फॅसिस्टांनाच आवडेल. म्हणाले, "ताई, बघा, सुरुवातीलाच दुखावलंत."

शब्दकोश काढला, तर मुळात अर्थ निघाला, मोळी. खरंच सांगते. काठ्यांची मोळी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड. रोमन अधिकाऱ्यांपुढे मिरवत न्यायचे. एकटी काठी मोडते, मोळी मोडत नाही, हा त्यातला तोरा. वाचलं आणि नाथाजीराव डोळ्यांसमोर उभे राहिले. कॉलनीच्या सभेत हात उगारून म्हणत होते ना, "एकेकटा ऊस गुडघ्यावर मोडतोय. मोळी मोडून दावा!" केवढ्या टाळ्या पडल्या. सगळा जन्म साखर कारखान्यात काढलेल्या माणसाला एवढं आठवू नये, की मोळी बांधायची तर ऊस आधी बुडातून तोडावा लागतो?

त्या सभेबद्दल आपण कधी बोललोच नाही.

ठराव काय, तर फाटकांवर 'हे आपल्या माणसांचं घर' अशा सारख्या पाट्या, आणि घर विकताना किंवा भाड्यानं देताना 'आपलीच माणसं' बघायची. नेमका तेव्हा चहाचा ट्रे तुझ्या हातात. नाथाजीराव किती मायेनं म्हणाले, "वैनी, तुमी आपल्याच हाय की! ह्ये फुडच्यांसाठी." आणि ट्रेमधला कप उचलला.

मी उठले. म्हटलं, "याला फॅसिझम म्हणतात."

नाथाजीराव म्हणाले, "ताई, परवा तुमी पेपरात एसटीच्या कंडक्टरलाबी त्येच म्हनला हुता. त्येच्या आदी पानीवाल्याला." खरं होतं ते. एकदा तर मी माझ्या कुकरलाही म्हटलं होतं. तेवढ्यात चंद्राबाई काकू काळजीनं ओरडल्या, "फशी? आवं, कोन फशी पडलं?"

सगळी सभा खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्यानं तू. त्या हसण्यातच हात वर झाले. काकूंनीही केला, त्यांना वाटलं, चहा कुणाला हवा असं विचारतायत.

उन्हाळ्यात तू म्हणालीस, तहरीमला मिरजेच्या दवाखान्यात नोकरी लागली, पोरीला रोजचं जाणं-येणं झेपत नाही, म्हणून सगळेच तिकडे राहायला जातोय. मी म्हटलं, बरं झालं. आपण दोघी एकमेकींशी इतकं सभ्यपणे त्याआधी कधी बोललो नव्हतो.

लेख लिहून होत नाही, अख्तर. पूर्वी मी कंपाउंडच्या भिंतीशी उभी राहून वाचायचे आणि तू कपडे पिळता पिळता म्हणायचीस, "ह्यो शब्द काढ गं, नुसता दात दाखवतोय." तू काढायला लावलेल्या शब्दांमुळे लोक मला हुशार समजत होते. आता सगळे शब्द राहतात. संपादक म्हणतात, लिखाण कडवट झालंय. परवा मी सवयीनं कागद घेऊन भिंतीशी गेले. तुझ्या दोरीवर एक चिमटा आहे, निळा. बाकी काही नाही. त्याला पहिला परिच्छेद वाचून दाखवला.

आता सिकंदरभाऊंचं. घर नाथाजीरावांच्या भाच्याला जातंय, गुरुवारी इथल्याच कचेरीत नोंदणी आहे, आणि साक्षीदार म्हणून सही मी करावी. म्हणाले, "ताई, शेजारी म्हणून तुमचीच पायजे." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं कशाला हो म्हटलं ते.

विकू नका असं लिहायला बसले होते. चार कागद फाडले. कारण तू परत ये म्हणायचं म्हणजे तू रोज त्या पाट्यांसमोरून भाजी आणायला जा, आणि कुणी 'तुमी आपल्याच' म्हटलं की हसून दाखव. कशासाठी, तर माझे लेख बरे व्हावेत म्हणून. माझ्या फाटकावर पाटी नाही, पण तेवढ्यानं तुझी वाट मोकळी होत नाही, हे मलाही कळतं.

तरी विचारते, एकदाच. घर ठेवशील का? राहू नकोस. नुसतं ठेव. कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडे. वर्षातून एकदा तुझ्या झाडाची लिंबं उतरवायला ये आणि मला शिव्या देऊन जा.

नाही म्हणालीस तर गुरुवारी येईन आणि सही करीन. तुझ्या कागदावर दुसऱ्या कुणाची साक्ष मला चालायची नाही. फक्त कचेरीत माझ्याकडे बघून हसू नकोस. त्या दिवशी सभेत तू हसत होतीस तेव्हा ट्रेमधले कप वाजत होते. ते मी ऐकलं होतं.

सिकंदरभाऊंना नमस्कार, तहरीमला आशीर्वाद.

गुरुवारपर्यंत तरी तुझी शेजारीण,
संयोगिता